नवाबांचे पिक्चर आणि आमचं घर

रमजानचा महिनाभर आपल्यापैकी बऱ्याच घरांत टीव्हीवर चादर असते. ईदचा शीरखुर्मा होतो, पाहुणे पांगतात, मग ती चादर निघते आणि काय बघायचं यावरून वाद सुरू होतात. चित्रपट पाहावेत का आणि किती पाहावेत, हा या लेखाचा विषय नाही. प्रत्येक घराने त्याचं उत्तर आपल्या परीने दिलेलं आहे, आणि ज्यांना शंका आहे त्यांना आलिमांना विचारता येतं. आम्ही लिहितोय ते जे पिक्चर लहानपणीच पाहून झाले, डोक्यात बसले आणि गेली तीस-चाळीस वर्षं तिथेच आहेत, त्यांच्याबद्दल. मागच्या दोन ईदींना आम्ही ते पुन्हा पाहिले.

आम्ही म्हणजे सात-आठ चुलत-मावस भावंडं. निम्मी नांदेडची, निम्मी लातूरची. आता सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. आमच्या लहानपणी ‘व्हिडिओ आणणे’ हा एक समारंभ असायचा. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असं रात्रभराचं भाडं ठरायचं, गल्लीतून वर्गणी निघायची. पुरुष आणि पोरं पुढे, बायका मागे, पडद्याच्या आडोशाला. चित्रात मुंग्या आल्या की कुणीतरी कोरी करकरीत नोट घेऊन व्हीसीआरचं हेड पुसायचा. इशाच्या नमाजनंतर पहिली कॅसेट लागायची, तिसरी संपेपर्यंत फजरची अजान व्हायची. देशात दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झालं आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, उस्मानाबादमधून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात त्या नेहमी जोडीने येतात.

त्या तीन कॅसेटींमधली एक हमखास ‘मुस्लिम’ पिक्चरची असायची. मागे बसलेल्या बायकांची तशी अटच होती. ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे महबूब’, ‘पाकीज़ा’. आम्हा पोरांना त्यात काय आवडायचं? झुंबरं, घरारे, तबकातली पानं आणि वाकून केलेला आदाब. दुसऱ्या दिवशी आम्ही दिवसभर एकमेकांना तसाच आदाब करायचो आणि अम्मी ओरडायची की सरळ सलाम करा.

आता पुन्हा पाहताना आमच्या एका भावाने पहिल्या पंधरा मिनिटांतच विचारलं, “या घरांत कमावतं कोण?” तो फळांचा अडत्या आहे, त्याला असेच प्रश्न पडतात. प्रश्न मात्र अचूक होता. एम. सादिक यांच्या ‘चौदहवीं का चाँद’मधले (१९६०) लखनौचे तिघे मित्र इतके रिकामे आहेत, की एका बुरख्यामुळे झालेल्या ओळखीच्या घोटाळ्यावर अख्खा पिक्चर उभा राहतो. कामधंदा असता तर कथाच घडली नसती. एच. एस. रवैल यांच्या ‘मेरे महबूब’मध्ये (१९६३) अलीगढच्या विद्यापीठात पुस्तकं पडतात, नजर मिळते आणि पुढे सगळं प्रेम. पण त्याच पिक्चरमध्ये अशोककुमारने केलेला नवाब कर्जात गळ्यापर्यंत बुडाला आहे, हे लहानपणी आमच्या लक्षात आलं नव्हतं. आता तोच माणूस सगळ्यांत खरा वाटला. उत्तरेत जमीनदारी गेली होती, आणि आमच्या हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी तर १९४९ मध्येच बरखास्त झाल्या होत्या. ‘इनामदार’ आणि ‘जहागीरदार’ ही आडनावं तेवढी उरली. त्या आडनावांची माणसं आम्ही पाहिली ती पंक्चरच्या दुकानात, कचेरीत नाहीतर एसटीच्या स्टेअरिंगवर.

‘पाकीज़ा’बद्दल थोडंच सांगतो, कारण तिच्यावर सगळ्यांनी लिहून झालं आहे. १९५०च्या दशकात सुरू झालेला हा पिक्चर ४ फेब्रुवारी १९७२ ला लागला आणि ३१ मार्चला मीनाकुमारी वारली. आजारपणामुळे तिला नाचणं झेपत नव्हतं म्हणून काही ठिकाणी पद्मा खन्ना नाचली आहे, चेहरा ओढणीआड ठेवून. लहानपणी जी ओढणी नुसती सुंदर दिसायची, तिच्याकडे आता बघवत नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की या पिक्चरांतला मुसलमान नवाब होता, शायर होता, तवायफ होती. तो आमच्यासारखा नव्हता. आमच्याकडे शेख, पठाण, सय्यद, तांबोळी, बागवान, अत्तार, मुलाणी, पिंजारी. बाजारात मराठी, घरात दखनी, मदरशात उर्दू. पडद्यावर सगळे लखनवी बोलायचे आणि आम्ही त्या बोलीला अस्सल समजून आपली जीभ वळवायचा प्रयत्न करायचो. आमच्यासारखं कुणी तिथे नाही, ही तक्रार त्या वयात सुचलीच नाही. कुणीतरी ‘सलाम’ म्हणतंय, एवढ्यावर आम्ही खूश होतो.

त्या खुशीचा कळस म्हणजे ‘कुली’. मनमोहन देसाईंचा, डिसेंबर १९८३ चा. अमिताभ बच्चन इक्बाल नावाचा हमाल झालेला, दंडावर ७८६ नंबरचा बिल्ला, खांद्यावर ससाणा. नांदेड स्टेशनवर हैदराबादच्या गाडीची वाट बघताना आम्ही हमालांचे बिल्ले वाचत फिरायचो. ७८६ कधी सापडला नाही. अबजद पद्धतीने ‘बिस्मिल्लाह’ची बेरीज म्हणून तो आकडा प्रचलित झाला, आणि असं आकड्यांत लिहिणं बऱ्याच आलिमांना मान्य नाही, हे पुढे कळलं. तोवर आमच्या दप्तरांवर, वह्यांवर आणि थोरल्या भावाच्या लुनावर तो आकडा चढून बसला होता. जुलै १९८२ मध्ये बेंगळुरूला मारामारीच्या दृश्यात बच्चनला जिवावरची दुखापत झाली. पिक्चरमध्ये त्या क्षणी चित्र थांबतं आणि तशी सूचना येते. व्हिडिओ बघताना तिथे सगळी गल्ली श्वास रोखायची. मशिदीत त्याच्यासाठी दुआ मागितलेली माणसं आमच्या गल्लीत होती.

पन्नाशीत ‘कुली’ पाहिला तर करामती फार झाल्या असं वाटलं, ससाण्याला तर आमच्या पोरांनी हसून हसून पुरेवाट केली. पण एक गोष्ट नव्याने दिसली. सगळ्या गोंधळात हा पिक्चर हमालांच्या पोटापाण्याचा आहे. ओझं वाहणारी माणसं एकत्र येतात, संप करतात, त्यांच्यातला एक निवडणुकीला उभा राहतो. नवाबांच्या पिक्चरांत घाम गाळणारा मुसलमान शोधूनही सापडत नव्हता, तो इथे नायक आहे. संवाद कादर खान यांचे. पिक्चरांत येण्याआधी ते मुंबईत भायखळ्याच्या साबू सिद्दिक कॉलेजात शिकवायचे. मजुरांची भाषा त्यांनी वरून बघून लिहिलेली नाही, ते ऐकताना कळतं.

‘अमर अकबर अँथनी’ची (१९७७) गोष्ट तर आमच्या भाचीने आमच्यावर उलटवली. ती लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते, ईदला चार दिवसांसाठी आली होती. आम्हाला या पिक्चरमधलं काय आठवत होतं? ऋषी कपूरचा अकबर, कव्वाली, आणि तय्यब अलीची फजिती करणारं गाणं. भाची अर्ध्यात म्हणाली, “मामू, ही सलमा डॉक्टर आहे?” आहे. नीतू सिंगने केलेली सलमा बुरखा घालून कव्वालीला येते आणि दवाखान्यात पेशंट बघते. १९७७ मधली मुसलमान लेडी डॉक्टर, आणि पिक्चरमध्ये कुणालाही त्याचं नवल वाटत नाही! आम्ही हा पिक्चर कमीत कमी पंधरा वेळा पाहिला असेल. कव्वाली तोंडपाठ होती. सलमा काय काम करते हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. आमच्या बहिणींपैकी दोघी दहावीनंतर घरी बसल्या, त्या हेच पिक्चर बघत मोठ्या झाल्या होत्या. भाचीने विचारलं तेव्हा त्या दोघी एकमेकींकडे बघून गप्प राहिल्या.

आता ‘निकाह’. यावर जरा थांबायला हवं.

बी. आर. चोप्रांचा हा पिक्चर २४ सप्टेंबर १९८२ ला लागला. कथा-संवाद अचला नागर यांचे. हिंदीतले मोठे लेखक अमृतलाल नागर यांची ही मुलगी. पिक्चरचं नाव आधी ‘तलाक तलाक तलाक’ ठरलं होतं. मग नवऱ्याने बायकोला नुसतं पिक्चरचं नाव सांगितलं तरी पंचाईत, असा विनोद झाला आणि नाव बदललं, हा किस्सा आपल्या वाचकांनी ऐकला असेलच. नीलोफर म्हणजे सलमा आगा. तिचीच गाणी, तिचाच आवाज. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. नवाब घराण्यातला, धंद्यात बुडालेला वसीम म्हणजे दीपक पराशर. कॉलेजापासून तिच्यावर मनातल्या मनात प्रेम करणारा आणि पुढे मासिकाचा संपादक झालेला हैदर म्हणजे राज बब्बर. (हैदरचं कार्यालय इतकं टापटीप आणि रिकामं आहे, की हे वाचणाऱ्या संपादकांनाही हसू येईल.)

आमच्या घरातल्या बायका ‘निकाह’ लागला की रडायच्या. आम्ही पोरं त्यांच्या रडण्याला हसायचो आणि गुलाम अलींच्या गझलेची नक्कल करायचो. ती गझल हसरत मोहानींची, ज्यांनी ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा दिली त्यांचीच, हे कळायला बरीच वर्षं गेली.

या वेळी आमच्यात एक बहीण होती जिचा संसार १९९६ साली याच तीन शब्दांनी मोडला. पोस्टाने आलेल्या एका कागदावर ते लिहिलेले होते. पदरात दोन वर्षांची मुलगी. ‘निकाह’ लावायचा की नाही यावर आधी कुजबुज झाली. तिनेच रिमोट घेतला आणि लावला.

वाढदिवसाची नाही, लग्नाच्या वाढदिवसाची ती मेजवानी तुम्हाला आठवत असेल. नवरा कामात अडकून येत नाही, अपमानाने घायाळ झालेली नीलोफर पाहुण्यांसमोर जात नाही, रात्री भांडण होतं आणि रागाच्या भरात वसीम तीनदा तलाक म्हणून मोकळा होतो. लहानपणी आम्हाला तिथे फक्त त्याचा आवाज आणि मागचं संगीत आठवायचं. आता बहिणीने पिक्चर थांबवला आणि विचारलं, “इथे मोठी माणसं कुठे आहेत?”

हा प्रश्न चोप्रांच्या पिक्चरला लागू आहे आणि आमच्या घरालाही होता. सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीत नवरा-बायकोत फाटतंय असं दिसलं की दोन्ही घरांतून एकेक लवाद नेमायला सांगितलं आहे. सूरह बकरात तलाकला टप्पे आहेत, थांबायची मुदत आहे, परत फिरायला वाट ठेवलेली आहे. पिक्चरमध्ये तो लवाद कुणी नेमत नाही. १९९६ मध्ये आमच्याकडेही नेमला गेला नाही. मोठ्यांनी “हो गया सो हो गया” म्हटलं आणि विषय मिटवला.

पिक्चरचा पुढचा भाग हलालाभोवती फिरतो. वसीमला पस्तावा होतो, तो इमामसाहेबांना गाठतो, आणि दुसरं लग्न होऊन ते मोडल्याशिवाय परतीचा रस्ता नाही असं त्याला कळतं. ठरवून केलेल्या हलालाचा हदीसमध्ये कडक धिक्कार आहे. तरीही तो रस्ता शोधणारे आजही सापडतात, म्हणून पिक्चरचा हा भाग जुना झालेला नाही. शेवटी हैदरचा गैरसमज होतो की तिचं मन अजून वसीममध्येच आहे. मोठेपणाने तो तिला सोडायला निघतो. तेव्हा नीलोफर दोघांनाही सुनावते: एकाने रागात दिला, दुसरा भेट म्हणून देतोय, मला विचारलं कुणी? १९८२ मध्ये सिनेमागृहात आणि गल्लीतल्या व्हिडिओसमोर बसलेल्या बायका रडायच्या त्या इथे. मागच्या बाजूला, पडद्याआड बसून. आता वाटतं, त्या रडण्यात काय काय होतं ते पुढे बसलेल्यांपर्यंत पोचलंच नाही.

नांदेडला कायद्याचं शिक्षण घेणारी आमची पुतणी म्हणाली, “चाची, आज वसीम असं बोलला तर तलाक होतच नाही.” खरं आहे. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला, आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. यावर आमच्या घरात अर्धा तास जोरात वाद झाला. नवरा तुरुंगात गेला तर पोरांना खायला कोण घालणार, असं एकाचं म्हणणं. मग बायकोला रस्त्यावर काढलं तेव्हा पोरांना कोण घालत होतं, असं दुसरीचं. आमचं आम्हालाही एकमत करता आलं नाही, ते इथे ओढूनताणून आणणार नाही.

ज्या बहिणीमुळे हे सगळं निघालं, ती वादात पडली नाही. पिक्चर संपल्यावर कप गोळा करता करता म्हणाली, “नीलोफरकू हैदर मिला. मेरेकू शिलाई मशीन मिली.” त्या मशीनवर तिने मुलीला बी. फार्म. पर्यंत नेलं आहे.

त्याच वर्षीचा, १९८२ चा, दुसरा पिक्चर म्हणजे सागर सरहदींचा ‘बाज़ार’. व्हिडिओवाल्याकडे तो ‘गाण्यांचा पिक्चर’ म्हणून मिळायचा आणि आमच्या मामूंनी त्याची ऑडिओ कॅसेट झिजेपर्यंत वाजवली होती. खय्याम यांचं संगीत. मीर, मिर्झा शौक, मखदूम मोहिउद्दीन आणि बशर नवाज यांचं काव्य. बशर नवाज आपल्या मराठवाड्याचे, औरंगाबादचे. २०१५ मध्ये ते गेले. भूपेंद्रने गायलेली त्यांची ती रचना आमच्या लहानपणी प्रत्येक रिक्षात वाजायची, पण ती लिहिणारा माणूस नांदेडहून रेल्वेने पाच-सहा तासांवर राहतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. शाळेत तर नाहीच.

‘बाज़ार’ हैदराबादचा आहे. आखातात पैसा कमावून आलेल्या एका पोक्त श्रीमंताला कोवळी मुलगी हवी आहे. स्मिता पाटीलची नजमा स्वतः फसलेली, लग्नाच्या आशेवर लटकलेली बाई. तीच ही मुलगी शोधायला मदत करते. मुली दाखवल्या जातात, भाव होतो. निवड होते ती शबनमची, म्हणजे सुप्रिया पाठकची. तिचं प्रेम फारूक शेखच्या सरजूवर, आणि सरजू कफल्लक. शबनम विष घेते. लहानपणी आम्ही गाणी संपली की झोपायचो, म्हणून हा शेवट आमच्यातल्या निम्म्यांनी या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

मुलींच्या बापांना हा पिक्चर बघवत नाही. खलनायक कोण, असं पोरांनी विचारलं तर बोट कुणाकडे दाखवायचं? नवरदेवाकडे दाखवणं सोपं आहे. पण दलाली करणारी गल्लीतली बाई आहे, ‘नशीब काढलं पोरीने’ म्हणणारे शेजारी आहेत, आणि रिकाम्या डब्यांकडे बघत मान हलवणारे आईबाप आहेत. हे कल्पनेतलं नव्हतं. पिक्चरनंतर नऊ वर्षांनी, ऑगस्ट १९९१ मध्ये, हैदराबादची एक लहानगी म्हाताऱ्या सौदी नवऱ्याशेजारी विमानात रडताना एका हवाई सेविकेला दिसली आणि देशभर खळबळ उडाली. त्या दिवसांत आमच्याकडे ‘सौदीवालं स्थळ’ हा शब्द मोठ्या कौतुकाने उच्चारला जायचा. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातली एक मुलगी हैदराबादला ‘खालाकडे’ म्हणून गेली, ती परत आली नाही. तिच्याबद्दल तेव्हा कुणी काही विचारलं नाही. ‘बाज़ार’ पाहताना तिचं नाव आमच्यातल्या तिघांच्या तोंडी एकदम आलं.

स्मिता पाटील अवघी एकतीस वर्षांची असताना, डिसेंबर १९८६ मध्ये गेली. पुण्यात वाढलेली मराठी मुलगी. हैदराबादच्या गल्लीत ओढणी घेऊन उभी राहते तेव्हा ती आमच्याच घरातली कुणी वाटते, लखनौच्या त्या सगळ्या बेगमांपेक्षा कितीतरी जास्त.

बोलीचा विषय निघालाच आहे तर आमच्या धाकट्या भावंडांचं बालपणही सांगायला हवं. ते व्हीसीआरवर वाढलेले नाहीत, सीडीवर वाढले. त्यांचा पिक्चर म्हणजे ‘अंग्रेज़’. चारमिनारच्या कट्ट्यावरचे इस्माइलभाई आणि गप्पा ठोकणारा सलीम फेकू. नांदेडला त्याच्या सीड्या भाजीसारख्या विकल्या गेल्या. आम्ही तेव्हा तिशीत होतो, ‘काय हा पांचटपणा’ म्हणून उठून जायचो. आता त्यांच्याबरोबर बसून पाहिला आणि पोट धरून हसलो, कारण पहिल्यांदाच पडद्यावर माणसं आमच्या स्वयंपाकघरात बोलतात तशी बोलत होती. ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायकू’. लखनवी जिभेपुढे या बोलीची आम्हाला लहानपणी लाज वाटायची. पण दखनीतलं ‘नक्को’ हे मराठी ‘नको’च आहे, आणि ‘ऐसाइच’, ‘वैसाइच’ मधला ‘च’ मराठीनेच दिलेला. मराठी आणि उर्दू या भूमीत एका चुलीवर शिजल्या, त्याचा हा पुरावा आपण रोज तोंडात घेऊन फिरतो.

आणि आमच्या मुलांच्या बालपणीचा ‘इक्बाल’ (२००५). नागेश कुकुनूरचा. श्रेयस तळपदेने केलेला मुकबधिर वेगवान गोलंदाज, त्याची बडबडी बहीण खदीजा, आणि पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी बाप. पडद्यावर मुसलमान शेतकरी! पोरांनी तो क्रिकेटसाठी पाहिला होता. आता कॉलेजात जाणारा आमचा पुतण्या यंदा पुन्हा पाहताना बापाच्या बाजूने बोलत होता. सलग दोन वर्षं सोयाबीनला भाव मिळाला नाही, त्याचा परिणाम असावा.

राहिला ‘गर्म हवा’. लहानपणी तो आम्हाला मुळीच आवडला नव्हता. दूरदर्शनवर लागला तेव्हा मारामारी नाही, नाच नाही, नुसते उदास चेहरे, म्हणून आम्ही अंगणात खेळायला पळालो. अब्बा आणि चाचा मात्र जागचे हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि कुणी काही बोललं नाही, एवढं आठवतं.

एम. एस. सथ्यूंचा हा १९७३ चा पिक्चर, इस्मत चुगताईंच्या कथेवर, कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेला. फाळणीनंतरचं आग्रा. बलराज साहनींचा सलीम मिर्झा बुटांचा कारखाना चालवतो. एकेक नातलग पाकिस्तानला निघून जातो, कर्ज मिळत नाही, हवेली निर्वासितांची मालमत्ता म्हणून जाते, मुलीची लग्नं मोडतात. तरी हा माणूस जायला तयार नाही. पिक्चर लागण्यापूर्वीच, १३ एप्रिल १९७३ ला, बलराज साहनी गेले. मिर्झाचा बेकार पदवीधर मुलगा सिकंदर म्हणजे फारूक शेख, त्याचा हा पहिलाच पिक्चर.

आमच्याकडे गरम हवा आली ती वर्षभर उशिरा. सप्टेंबर १९४८, पोलीस अ‍ॅक्शन. निजामाचं राज्य पाच दिवसांत संपलं. त्याआधी रझाकारांनी केलेले जुलूम खरे होते. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा. आणि त्यानंतर गावोगावच्या साध्या मुसलमानांवर जे ओढवलं तेही खरं होतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं लिहिली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. तो अहवाल कितीतरी दशकं बंद राहिला. १७ सप्टेंबरला शाळेत आम्ही मुक्तिसंग्रामाची गाणी म्हटली, लाडू खाल्ले, अभिमानाने घरी आलो. घरी त्या दिवशी वडीलधारे जरा गप्प असायचे. आम्ही कधी कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

या बकरी ईदला ‘गर्म हवा’ लावला तेव्हा आमची मोठी फुप्पी खाटेवर तसबीह घेऊन बसली होती. पंच्याऐंशीकडे झुकलेली, औशाजवळच्या खेड्यात वाढलेली. पिक्चर ती बघत नाही, कानावर पडेल तेवढं ऐकते. हवेली सोडायची वेळ येते आणि मिर्झाची म्हातारी आई जायला नकार देते, घरातल्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसते, ते दृश्य आलं. फुप्पीची बोटं तसबीहवर थांबली. ती पडद्याकडे बघत होती.

“मैं बी ऐसीच बैठी थी,” ती म्हणाली. “कणगी में.”

कुणीतरी आवाज बंद केला. सात वर्षांची होती, म्हणाली. शेजारच्या पाटलाच्या घरात ज्वारीच्या रिकाम्या कणगीत तिला आणि तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या अब्बांना, बसवलं होतं. वर पोतं टाकलेलं. पाटलीणबाई रात्री भाकरी आणि पाणी आत सोडायची. किती दिवस ते तिला सांगता येत नव्हतं. अब्बा रडू नयेत म्हणून ती त्यांच्या तोंडावर हात ठेवायची, ते मात्र तिने दोनदा सांगितलं. अब्बा मरहूम होऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता.

पाटलांचं आडनाव आणि वाड्याची खूण तिने बरोबर सांगितली. आमच्या फळवाल्या भावाने ते ऐकून मान वर केली. त्या घरातला नातू गेली अकरा वर्षं त्याच्याकडे द्राक्षं घालतो. दोघं शेजारी बसून चहा पितात, उधारीवरून भांडतात. यातलं काही दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्याने तिथूनच फोन लावला. ‘गर्म हवा’ची शेवटची वीस मिनिटं त्या दिवशी राहून गेली.